बायाबाईचं मावंदं

बायाबाई जगन्नाथपुरीहून रिकाम्या हातानं परतली, ही बातमी तिच्याआधीच मोहटोल्यात पोचली होती. यात्रेहून आलेल्या माणसाची गाव आधी पिशवी बघतं आणि मग तोंड. बायाबाईच्या खांद्याला जाताना जी कापडी पिशवी होती तीच येताना होती, आणि तेवढीच फुगलेली. तिच्या मागून उतरलेल्या नणंदेचं, इमलाबाईचं सामान मात्र बसच्या टपावरून काढायला दोन माणसं लागली.

"साठी उलटली, पयल्यांदा जिल्ह्याबाहीर गेली, आन् आनलं काय तं तांदळाची पुरचुंडी!" इमलाबाईनं त्याच दिवशी भाचीला, ममताला, तिच्या सासरी चिखल्याला फोन लावून सांगितलं. ममतानं ते भावाला, लिलाधरला सांगितलं आणि लिलाधरनं बायकोला. लिलाधरच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे गावाला ठाऊक होतं. ज्योत्सनानं ऐकून घेतलं. सासूच्या बाबतीत घाईनं मत बनवायचं नाही, एवढं सहा वर्षांत तिला कळलं होतं.

नवरा, श्यामलाल, गेल्यापासून तलावातला घरचा वाटा बायाबाईनंच राखला होता. मासोळी राखायची म्हणजे घर सोडता येत नाही. नातेवाईक शिर्डीला गेले, तिरुपतीला गेले, आग्र्याला गेले. बायाबाई तलावाच्या पाळीवर राहिली. मग ज्याला त्याला तिची कीव येई आणि जो जाईल तो तिच्यासाठी काहीतरी घेऊन येई. आधी कोनाडे आणि मग लिलाधरच्या लग्नात आहेरात आलेली लोखंडी, काचेच्या दाराची शोकेस अशी भरत गेली. तिच्यात दिव्याचा ताजमहाल होता, बाटलीतलं जहाज होतं, बंद पडलेलं साईबाबांचं घड्याळ होतं, शिंपल्यांचा मोर होता, मान हलवणारी बाहुली होती, आणि आडनाव कोरलेले दोन शंख होते, त्यातल्या एकावर आडनाव चुकीचं होतं. काचेमागे इतकी दाटी होती की एक वस्तू काढायची तर चार पडायच्या. बायाबाईनं कधी काही फेकलं नाही. माणसाच्या हातून आलेली वस्तू फेकली तर माणूस फेकल्यासारखं होतं, असं ती म्हणायची.

ही शोकेस उभी होती ती समोरच्या खोलीत, खिडकीजवळ. घरात उजेडाची जागा तेवढी एकच. आणि ज्योत्सनाची शिलाई मशीन होती बाहेरच्या छपरीत, बकरीच्या खुंट्याशेजारी.

ज्योत्सना ब्लाऊज फार छान शिवायची. लाखनीहूनसुद्धा बायका कापड घेऊन यायच्या. पण पावसाची झड छपरीत यायची, सुई गंजायची, आणि मागच्या पोळ्याला बकरीनं एका मास्तरणीच्या ब्लाऊजची बाही चघळली, तेव्हापासून लाखनीच्या बायका येईनाशा झाल्या. पुरीला बस निघण्याच्या आदल्या दिवशी ज्योत्सना नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "थे शोकेस सरकली तं माही मशीन बसन ना तेथी." लिलाधरनं ते आईला सांगितलं, आत्याला सांगितलं, बहिणीलाही सांगितलं. आत्याबाईनं बसमध्ये चढता चढता ज्योत्सनाकडे जे पाहिलं होतं, ते ज्योत्सनाला इतके दिवस टोचत होतं.

आणखी एक काटा होता, तो तिनं लिलाधरलाही दाखवला नव्हता. लग्नानंतर ती दोघं पचमढीला गेली होती. तिथून तिनं सासूसाठी एक पितळेची घंटी आणली, मुठीत मावेल एवढी. बायाबाईनं ती एकदा वाजवली, कंबरेच्या बटव्यात टाकली आणि त्यानंतर ती घंटी ज्योत्सनाला घरात कुठंच दिसली नाही. देवघरात नाही, शोकेसमध्ये तर नाहीच. दर दिवाळीला ज्योत्सना शोकेस पुसायची. सगळ्यांनी दिलेलं पुसायची आणि आपलं त्यात नाही, हे दरवेळी नव्यानं बघायची.

मावंद्याच्या सकाळी ती दारात रांगोळी घालत होती. यात्रा सुखरूप झाली की नातेवाइकांना जेवू घालायचं, तीर्थाची पूजा करायची, प्रसाद वाटायचा. मासोळीवर चालणाऱ्या घरात त्या दिवशी मासोळी नव्हती, म्हणून मांजर रुसून चुलीमागे बसलं होतं. तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारा उतरला.

"बाई, घंटीवाल्या बाईचं घर हेच काय?"

ज्योत्सनाचा हात थांबला. "कोन घंटीवाली?"

"मासोळी विकते ना थे. लाखनीच्या बजारात."

"बायाबाई म्हनता काय?"

"असन बाप्पा तसं नाव. आम्ही तं घंटीवालीच म्हनतो. मी मंगरू. बजाराच्या तोंडाशी चायचं दुकान हाये माहं. तिचा तराजू माह्याच दुकानात राहते. यात्रेहून आली आन् निरोप धाडला, मावंद्याच्या दिवशी तराजू घेऊन जेवाले ये."

त्यानं कॅरिअरवरचं पोतं उतरवून छपरीत, मशीनच्या पायाशी ठेवलं. ठेवताना आत काहीतरी किणकिणलं. ज्योत्सनाला विचारायचं होतं, पण मागून इमलाबाईची रिक्षा आली आणि विचारायचं राहून गेलं.

*

इमलाबाई श्यामलालची मोठी बहीण. नवरा गेल्यावर तिनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या: रडायचं नाही आणि घरात बसायचं नाही. तीर्थ, धबधबा, किल्ला, तिला काहीही चालायचं. आणि जिथं जाईल तिथून घेतल्याशिवाय ती हलायची नाही. पुरीला तर ती शिंपल्यांच्या दुकानासमोर अशी उभी राहिली की दुकानदारानं तिला बसायला स्टूल दिलं. आजही ती दोन पिशव्या घेऊन आली होती आणि आल्या आल्या तिनं चटईवर दुकान मांडलं.

"ममता, हा शिपल्यायचा पडदा तुह्या दाराले. कैलाशराव, हे कोनार्कचं चाक तुमाले. आन् बाया, हे तुह्यासाठी." तिनं कासवाच्या आकाराचा शिंपल्यांचा डबा काढला. "तू तं काई घेतलं नाई. म्हनून मी घेतलं."

बायाबाई मोकळं हसली. "बाई, जाळ्यात शिप आली का आपन शिव्या देऊन पान्यात फेकतो. तुमी तेच पैसे देऊन आनलं."

सगळे हसले, ममताचा नवरा कैलाश सगळ्यात मोठ्यानं. इमलाबाईलाही हसू आलं, पण ते तिनं दाबलं. तिला खरोखर वाईट वाटत होतं. बसमध्ये ती बायाबाईशेजारी बसली होती. समुद्र दिसला तेव्हा सगळी बस 'जय जगन्नाथ' म्हणून ओरडली आणि ही बाई म्हणाली, "बाई, येवढ्या पान्याचा ठेका कोनाकडं असन?" बस हसून लोळली. इमलाबाईही हसली होती, पण नंतर तिच्या मनात आलं, एवढा समुद्र पाहून जिला ठेका आठवतो तिनं जन्मभर काय काय राखलं असेल. म्हणूनच तिला वाटलं होतं की या बाईनं एकदा तरी स्वतःसाठी काही घ्यावं. आणि तिनं घेतली ती चिमूटभर वाळलेला भात बांधलेली लाल पुरचुंडी. महाप्रसादाचा भात वाळवून देतात, तो निर्माल्य.

"हे ठेवजो शोकेसात," इमलाबाई कासव पुढे करत म्हणाली. मग ज्योत्सनाकडे न बघता पुढं बोलली, "शोकेस घरात असन तं. आजकाल काही जनाले तिची अडचन होऊन राहिली म्हनते."

ज्योत्सना वड्यांचं पीठ भिजवत होती. तिनं मान वर केली नाही. लिलाधर एकाएकी पाणी भरायला विहिरीवर निघून गेला.

*

पूजा झाली. बायाबाईनं पुरचुंडी सोडली आणि प्रत्येकाच्या जिभेवर निर्माल्याचा एकेक दाणा ठेवला. मंगरूलाही दिला. दाणा क्षणात विरघळला आणि तिची सगळी खरेदी तिथंच संपली. ममतानं आत्याकडे बघून डोळे फिरवले.

मग खीर झाली, वडे झाले, कढी झाली. पंगत उठल्यावर बायाबाईनं कंबरेची किल्ली काढली आणि शोकेसचं दार उघडलं. दार उघडताच साईबाबांचं घड्याळ कोसळलं. तिनं ते सवयीनं वरच्यावर झेललं.

"ममता, हे घे. तुहं हाये."

ममतानं हात पुढे केला नाही. "माहं? म्यॉ तुले देल्लं होतं थे, आई."

"हव. आता तुह्या घरी ने."

पुढचा सगळा गोंधळ त्या एका वाक्यानं सुरू झाला. दिलेली वस्तू परत करणं म्हणजे नातं परत करणं, असा या गावाचा हिशेब. सोयरीक मोडली की वस्तू परत जातात. ममताचा चेहरा उतरला. इमलाबाई उभी राहिली.

"मावंद्याच्या दिवशी लेकीले वस्तू वापस? पुरीले जाऊन हेच शिकून आली काय तू?"

"बाई, बसा तं खरी."

"नाई बसत. मले समजते हे कोनाचं डोस्कं हाये. बकरीजवळची मशीन खोलीत आनाची हाये ना? मंग सांग ना सिद्धं! आम्ही येवढ्या दुरून, गर्दीत, उन्हात, याद ठेवून ठेवून आनलं, आन् कालच्या आलेल्या पोरीले तिची अडचन झाली!"

"आत्याबाई, मी काई..." ज्योत्सना म्हणू लागली.

"लिला, तूच म्हनला होता ना का ज्योत्सना शोकेस काढाले सांगते?" ममता भावाकडे वळली.

लिलाधर हात धुऊन आत येण्याची ही फार वाईट वेळ होती. "म्हनली होती. पन तशी नाई म्हनली. सरकवा म्हनली होती," तो म्हणाला आणि आपण सावरलं की बिघडवलं, ते त्याला कळेना.

ज्योत्सना भिंतीला टेकून उभी राहिली. खिडकीची जागा तर गेलीच, हे तिला दिसत होतं. ते चालेल, छपरीत भागवू. पण आजपासून या घरात प्रत्येक मावंद्याला, प्रत्येक पोळ्याला हीच गोष्ट निघणार होती: सुनेनं सासूचं घर रिकामं केलं. ते बोलणं कुठं सरकवून ठेवायचं? आणि दुसरी भीती त्याहून बारीक होती. सगळ्यांना आपापलं परत मिळेल, आणि माझ्या नावानं या काचेमागून काहीच निघणार नाही.

*

बायाबाईला भांडण नवं नव्हतं. बाजारात मासोळीच्या कल्ल्यावरून तिनं भल्याभल्यांना गार केलं होतं. पण इथं समोर आपली माणसं होती आणि चूक कोणाचीच नव्हती. ती शोकेससमोर चटईवर बसली, म्हणून बाकीच्यांनाही बसावं लागलं. इमलाबाई सगळ्यात शेवटी बसली.

"सुनेनं मले काही सांगतलं नाई," बायाबाई म्हणाली. "मले जगन्नाथानं सांगतलं."

"देवाचं नाव घेऊ नको मधात," इमलाबाई.

"तुमीच होत्या ना संग. तेथी भात कशात शिजते?"

"मडक्यात."

"आन् मडकं मंग?"

इमलाबाई म्हणाली, "फोडतात."

"येवढा मोठा देव, आन् कालचं मडकं आज ठेवत नाई. भात खाल्ला, मडकं मोडलं, उद्याले नवं. म्यॉ तेथी बसून पाह्यलं. माह्या ध्यानात आलं, मी तं नुसते मडके जमा करून राहिली." तिनं हात काचेकडे केला. "भात म्यॉ कवाच खाल्ला."

कोणाला काही नीट समजलं नाही. बायाबाईला मोठं बोलायची सवय नव्हती, म्हणून तिनं तो नाद सोडला आणि बाटलीतलं जहाज काढलं.

"कैलाशराव, हे तुमचं. गोव्याहून आनलं. ममतानं देताना सांगतलं होतं का आमचे हे रोज खदानीत जमिनीखाली उतरतात, आन् गोव्याच्या पान्यात घोट्यापर्यंत पाय बुडवाले भेले. लाट आली का पळे, लाट आली का पळे. चप्पल गेली वाहून."

कैलाश लाजून लाल झाला. चिखल्याच्या खदानीत त्याचा दरारा होता. "थे लाट भल्ली मोठी होती, मामी," तो सासूला म्हणाला, आणि ममताच आधी फिस्सकन हसली. मग मंगरू हसला आणि लिलाधरला ठसका लागला.

"जवा जवा मी तलावात उतरली, पानी थंडं लागलं, तवा तवा मले तुमची चप्पल आठवली. हे जहाज नाई आठवलं. आता हे तुमच्या पोराले द्या आन् चपलीची गोष्ट सांगा."

ममतानं जहाज घेतलं. घड्याळही तिनं हळूच ओढून मांडीवर ठेवलं. आत्याच्या बाजूनं बसलेली ती आता थोडी आईकडे सरकली होती. इमलाबाईनं ते पाहिलं.

मग निघाला एक प्लास्टिकचा जिराफ. एक कान नसलेला.

"लिला, चौथीत नागपूरले सहल गेली तुही. जेवाले देलेल्या पैशाचा हा आनला. दिवसभर उपाशी राह्यला, सांगतलं नाई. घरी आला आन् पाच भाकरी खाल्ल्या. तवा मले समजलं." तिनं जिराफाची मान पुसली. "तुह्या पोटात येवढी एकच गोष्ट टिकली रे आजवर."

लिलाधरनं जिराफ घेतला आणि तो त्याच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं हा रोज समोर होता आणि इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आईला ते माहीत नाही.

अशा एकेक वस्तू निघत गेल्या. जे आले नव्हते त्यांच्या वस्तू बायाबाईनं बाजूला मांडल्या, प्रत्येकाची गोष्ट सांगून. तिला सगळं ठाऊक होतं. कोण कोणत्या साली, कोणत्या दुखण्यातून उठून कुठं गेलं, येताना गाडीत कोणाशी भांडलं, तिथं काय खाल्लं, कोणाला नोकरीचा फोन बद्रीनाथच्या पायरीवर आला. ही बाई पुरीआधी लाखनीच्या पुढं कधी गेली नव्हती आणि तिनं सगळा देश बसल्या जागी, दुसऱ्यांच्या तोंडून, घास घास करून खाल्ला होता. इतकं मन लावून ऐकणारं माणूस आपल्या घरात होतं आणि आपण तिला घड्याळं आणून देत होतो, असं ममताच्या मनात आलं आणि ती ओशाळली.

शेवटी ताजमहाल राहिला. बायाबाई तो घेऊन उठली आणि इमलाबाईजवळ जाऊन बसली. हे बोलणं तिनं हळू केलं, पण खोली इतकी शांत होती की सगळ्यांनी ऐकलं.

"बाई, याचा बल्ब गेला होता. म्यॉ नवा नाई बसवला. तुमी हा देल्ला त्या दिवशी तुमी मले सांगतलं होतं का भाऊजी लग्नात म्हनाले होते, तुले ताजमहाल दाखवीन. आन् तुमी एकटीच गेल्या. तेथी तिकिटाच्या लाईनीत चुकून दोघांचे पैसे देले."

इमलाबाई ताजमहालाकडे बघत राहिली. हे आपण कोणाला सांगितलं होतं, हेच ती विसरली होती. रडायचं नाही, असं ठरवून बसलेल्या बाईचं ते रडणं वहिनीनं इतकी वर्षं काचेमागे झाकून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"मी वस्तू वापस देऊन राहिली बाई. सांगतलेलं नाई देत. थे माहंच हाये."

इमलाबाईनं ताजमहाल पदराखाली घेतला. शिंपल्यांचं कासवही तिनं पिशवीत परत टाकलं. पण हरणं तिच्या रक्तात नव्हतं. नाक पुसून तिनं शेवटचा दगड मारलाच.

"सगळ्यायचं निंघालं. सुनेचं काय निंघालं? पचमढीले गेली होती म्हने. काई आनलं का नाई तिनं? का आमीच बह्याड होतो आननारे?"

शोकेस रिकामी होती. काचेवर फक्त वस्तूंच्या बुडांचे गोल डाग होते. ज्योत्सनाला वाटलं, जमीन फाटली तर बरं. लिलाधरनं आईकडे पाहिलं. बायाबाई पहिल्यांदाच खाली बघत होती आणि तिच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखं काहीतरी आलं होतं.

"आनलं होतं तिनं," ती म्हणाली. "पन थे या शोकेसात कवा बसलंच नाई. मंगरू, आन बाप्पा थे पोतं."

मंगरूनं छपरीतून पोतं आणलं. आतून निघाला तराजू, दोन पारडी, मासोळीच्या वासानं भरलेला. दांडीच्या मधोमध, जिथं हात धरायचा तिथं, जाळ्याच्या सुतानं पक्की गाठ मारून एक पितळेची घंटी बांधलेली होती. हात लागून लागून ती सोन्यासारखी घासली गेली होती.

ज्योत्सनानं ती लगेच ओळखली.

"तुही हाये," बायाबाई सुनेला म्हणाली. "तू देवाच्या डोंगरावरून आनली. देवघरात ठेवाची सोडून म्यॉ मासोळीच्या तराजूले बांधली. तुले वाईट वाटन म्हनून घरी आनली नाई कवा. तराजू मंगरूच्याच दुकानात ठेवत गेली. पन बजारात सगळ्यायकडे वजनकाट्याच्या मशिना आल्या तवा माह्याकडे कोनी येयेना. मंग तराजू उचलला का ही वाजे, आन् लोक वळून पाहे. हिच्यावर घर चाललं आपलं."

"आमाले नावच नाई मालूम बाईचं," मंगरू म्हणाला. "घंटीवालीच म्हनतात सगळे. आन् कोनी विचारलं ना, का बाई ही घंटी कोठची, तं मासोळी तोलनं सोडून सांगन, माह्या सुनेनं आनली पचमढीवरून. सहा वर्षं झाली, तेच आयकून राहिलो. माह्या बायकोलेही पाठ झालं."

ज्योत्सना पुढे आली. तिनं घंटीला बोट लावलं. आवाज तोच होता, पचमढीच्या दुकानात तिनं चार घंट्या वाजवून निवडलेला.

"मी देवासाठी नोती आनली, आई," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "मले आवाज आवडला होता फक्त. तुमी रागीट वाटत होत्या तवा. मले वाटलं, हिच्यानं हासान."

बायाबाई खरंच हसली. "मंग वापस मागू नको. बाकीच्यायचं देल्लं, तुही नाई देत. माह्या कामाची हाये थे."

इमलाबाईनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ती उठली, पदर खोचला आणि लिलाधरच्या पाठीत एक धपका घातला. "पाह्यतं काय उभा राहून? उचल थे शोकेस! कैलाशराव, तुमी दुसऱ्या बाजूनं धरा. आन् बकरी बांधा दुसरीकडं, मशीन आनाची हाये. ज्योत्सना, तुह्या मशीनले तेल कवा देल्लं होतं व? काय हाल केले तिचे!"

संध्याकाळी मंडळी निघाली तेव्हा शोकेस छपरीत होती आणि तिच्या खालच्या कप्प्यात मांजर झोपलं होतं. खिडकीशी मशीन होती. इमलाबाईनं जाताना आपल्या ब्लाऊजचं माप देऊन ठेवलं. "पुढच्या महिन्यात द्वारकेले चालली मी," ती बायाबाईला म्हणाली, "काई नाई आननार तुह्यासाठी. आल्यावर बसून सांगीन फक्त."

"दोन दिवस राहाच्या तयारीनं या," बायाबाई म्हणाली.

*

बाजाराच्या दिवशी सासू-सून दोघी लाखनीला गेल्या. ज्योत्सना पहिल्यांदाच मासोळीच्या ओळीत बसली. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात बाकीच्यांचं ओरडणं बुडत होतं. बायाबाई ओरडली नाही. तिनं तराजू उचलला. घंटी वाजली आणि लोक वळले.

एक नवी, ओळख नसलेली बाई रोहूचा तुकडा घेत होती. दांडीकडे बघून ती म्हणाली, "छान आवाज हाये व. कोठून आनली ही घंटी?"

मंगरूनं चहाच्या दुकानातून मान बाहेर काढली. बायाबाईनं पारडं सरळ केलं, मासोळी पुडीत बांधली आणि हनुवटीनं शेजारी दाखवलं.

"हिले विचार," ती म्हणाली.